सरड्याचा सातबारा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्या कुणी पाडली, त्याच्या नावावर गुंठाभरही शेती नसणार. असती तर एवढ्या तुच्छतेने त्याने ती पाडली नसती. आमच्या देऊळगाव राजा तालुक्यात माणसाची धावसुद्धा कुंपणापर्यंतच असते. फरक इतकाच, की सरडा कुंपणाशी पोचला की थांबतो आणि माणूस तिथून पुढे तहसीलला जातो.

आता कुंपण म्हणजे तारेचंच असलं पाहिजे असं नाही. दोन शेतांच्या मधला धुरा पुरतो. धुरा हा आमच्याकडच्या जमिनीचा सर्वांत सुपीक पट्टा. त्यावर कापूस, सोयाबीन काही येत नाही; भांडण मात्र बिनपाण्याचं येतं, आणि त्याला बोंडअळीही लागत नाही. एका वर्षी थोरल्याने नांगरताना तास हातभर पलीकडे नेलं, पुढच्या वर्षी धाकट्याने दीड हात अलीकडे आणलं, असं करत धुरा दर उन्हाळ्यात सरकत राहतो. काही धुरे आजोबांच्या काळात निघालेत आणि चालण्याचा वेग असाच राहिला तर नातवांच्या लग्नापर्यंत एसटी स्टँडवर पोचतील.

अशाच एका फिरत्या धुऱ्यावर, देऊळगाव महीच्या वाटेला, माझ्या ओळखीच्या दोन भावांचं आयुष्य गेलं. थोरल्यांना सगळे आबा म्हणतात, धाकट्यांना नाना. मधे एक बाभूळ, बोराटीचं जाळं आणि गेल्या हंगामातल्या पऱ्हाटीचा ढीग. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. जे काही बोलायचं ते वकील बोलतात आणि त्याचे पैसे घेतात. मात्र त्या बाभळीवर राहणाऱ्या सरड्याबद्दल दोघांचं मत अगदी एक आहे. आबा म्हणतात, “तो नानानं सोडेल आहे इकडं.” नाना म्हणतात, “आबाचंच काम ते. मुद्दाम पाहत बसू राहतो माझ्याकडं.”

सरडा दोघांकडेही पाहत नसतो. तो आपल्या मालमत्तेकडे पाहत असतो.

हा सरडा काही दुर्मीळ वगैरे नाही. शाळेच्या कुंपणावर, स्मशानाच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या बंद पडलेल्या बोअरवर बसलेला असतो तोच. धड वीतभराच्या आत आणि शेपटी त्याच्या दुपटीहून लांब. मानेपासून पाठीवर काट्यांची उभी ओळ. शेपटीची गंमत अशी, की पालीवर संकट आलं तर ती शेपटी टाकून पळते आणि मग नवी उगवते. सरडा शेपटी टाकत नाही. तुटलीच तर नवी येतही नाही. मालकीचा कुठलाही भाग, कितीही मागच्या बाजूचा असला, तरी स्वखुशीने सोडायचा नाही, हे त्याचं धोरण शेपटीपासूनच सुरू होतं. आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या सरड्याकडे जरा आदराने पाहिलं.

मे महिना लागला, की नर सरडा आपली मोजणी सुरू करतो. त्याला भूमी अभिलेखात अर्ज करावा लागत नाही, चलन भरावं लागत नाही, मोजणीची तारीख पडावी लागत नाही. बाभळीच्या ज्या फांदीवरून चारी बाजू दिसतात तिथे तो चढतो, पुढचे पाय ताठ करतो आणि जोर काढू लागतो. खाली-वर, खाली-वर. मान हलवतो. गळ्याखालची पिशवी खाली सोडतो. डोकं, गळा, खांदे केशरी-लाल होतात, गळ्याच्या दोन्ही अंगांना काळा डाग उमटतो. इतकी तयारी झाली, की जिथवर हे दिसतं तिथवर त्याचं शेत. चतुःसीमा कळवण्याची याहून स्वस्त पद्धत महसूल खात्याला अजून सापडलेली नाही.

त्यात दुसरा नर आला तर वाद उभा राहतो. दोघे एकमेकांसमोर आडवे होतात, म्हणजे अंगाची रुंद बाजू समोरच्याला दिसावी. अंग फुगवतात, तोंड उघडतात, प्रकरण वाढलं तर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना चावतातही. पण बहुतेक वेळा तेवढ्यावर जात नाही. काही वेळ जोर निघतात, मग एकाच्या गळ्याचा लाल रंग उतरू लागतो, अंग मातकट होतं आणि तो खाली मान घालून पऱ्हाटीत शिरतो. निकाल जागच्या जागी. स्थगिती नाही, अपील नाही. आणि हरलेला पक्ष निकालाची नक्कल स्वतःच्या अंगावर घेऊनच घरी जातो.

आबा-नानांच्या दाव्यात आजवर जेवढ्या तारखा पडल्या, तेवढ्यांत या धुऱ्यावर सरड्यांच्या कित्येक पिढ्यांचे निकाल लागून गेले असतील.

मान हलवण्याच्या सवयीमुळे मात्र सरड्याविषयी मोठा गैरसमज झाला आहे. आबा सकाळी बाभळीच्या सावलीला बसून नानांच्या लहानपणापासूनच्या खोड्या सांगू लागतात, तेव्हा वर सरडा जोरजोरात मान हलवतो. “पहा,” आबा म्हणतात, “जनावराला बी पटू राहिलं.” दुपारून नाना त्याच सावलीला बसतात, पलीकडच्या अंगाने. आबांनी बापाच्या पाठीमागे काय काय केलं ते सांगतात. सरडा तितक्याच जोरात मान हलवतो. दोघांनाही आपला एक साक्षीदार पक्का आहे असं वाटतं. सरडा दोघांनाही एकच सांगत असतो: माझ्या झाडाखालून उठा.

‘सरड्यासारखा रंग बदलतो’ हे आपण ज्या लोकांबद्दल म्हणतो त्यांची नावं घेण्याचं इथे कारण नाही. निवडणुका लागल्या की वाचकांना ती आपोआप आठवतात. या तुलनेवर सरड्याच्या बाजूने बोलणारे लोक एक हरकत घेतात आणि ती बरोबर आहे. सरडा लपायला रंग बदलत नाही. पानात हिरवा, मातीत तांबडा असला चोरटा उद्योग त्याचा नव्हे. सकाळी गारठलेला असतो तेव्हा गडद होतो, म्हणजे ऊन लवकर शोषलं जावं. दुपारी अंग तापलं की फिका होतो. चिडला, हरला, मादी दिसली की त्या त्या वेळचा रंग गळ्यावर येतो. म्हणजे मनात आहे ते सगळ्या शिवाराला दिसेल असं तो अंगावर लावून बसतो. डोळे दोन दिशांना फिरवणारा, लांब जीभ फेकणारा घोयरा हा वेगळा प्राणी. दोष त्याचे आणि बदनामी याची असं सहज म्हणता आलं असतं, पण घोयराही बराचसा रंग बोलण्यासाठीच बदलतो. तेव्हा दोघेही निर्दोष. तरीही मी ती तुलना पूर्णपणे टाकून देणार नाही. पक्ष बदलणारा माणूस तरी रंग कुठे लपवतो? तोही रंग नेमका गळ्यातच आणतो, उपरण्याच्या रूपाने, आणि चारी बाजूंनी दिसेल अशा उंच जागी उभा राहतो. शास्त्रीयदृष्ट्या ही उपमा तिच्या वापरणाऱ्यांना वाटते त्याहून कितीतरी अचूक आहे.

इंग्रजांनी या सरड्याला ‘रक्तपिपासू’ असं नाव दिलं होतं. कारण काय, तर गळा लाल. बिचारा खातो मुंग्या, नाकतोडे, किडे, सुरवंट. पितो पानावरचं दव. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा सारा काढून नेणाऱ्यांनी वऱ्हाडच्या सरड्याला रक्तपिपासू म्हणावं याला काय म्हणायचं? आमचा तालुका तर त्या काळी अगदी सीमेवर. इकडे इंग्रजांचं वऱ्हाड, तिकडे जालन्याच्या अंगाला निजामाची मोगलाई. माणसाने या हद्दीवरून इकडून तिकडे जायचं म्हणजे कायदा बदलायचा, सरकार बदलायचं. सरडे मात्र दोन्ही राज्यांत एकाच कायद्याने नांदत होते आणि तो कायदा बाभळीच्या शेंड्यावरून जाहीर होत होता.

आपल्या पुराणांत सरड्याला एक मोठी भूमिका मिळाली आहे आणि तीही, योगायोग पाहा, मालकीच्या वादातूनच. भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाची गोष्ट येते. हा राजा गायी दान करण्यासाठी प्रसिद्ध. एकदा दान दिलेली एक गाय चुकून परत राजाच्या कळपात आली. राजाला पत्ता नाही. त्याने तीच गाय दुसऱ्या ब्राह्मणाला दिली. पहिला ब्राह्मण वाटेत भेटला; म्हणाला, गाय माझी. दुसरा म्हणाला, मला राजाने दिली. दोघे राजाकडे आले. राजाने हात जोडून दोघांनाही सांगितलं की एकाने ही गाय सोडा, बदल्यात लाख उत्तम गायी देतो. दोघांनीही ऐकलं नाही, दोघेही निघून गेले. राजा मेल्यावर यमाने पापपुण्याचा हिशेब केला आणि दुबार नोंदीच्या त्या एका चुकीपायी त्याला सरडा करून कोरड्या विहिरीत टाकलं. पुढे द्वारकेची यादव मुलं खेळता खेळता पाणी शोधत त्या विहिरीपाशी आली. आत पाहतात तर डोंगराएवढा सरडा. चामड्याच्या वाद्या टाकून, दोर टाकून त्यांनी ओढून पाहिला, निघेना. मग कृष्णाने डाव्या हाताने सहज वर काढला आणि राजा मोकळा झाला.

ही गोष्ट मी एकदा आबांना सांगितली, या आशेने की लाख गायी नाकारणाऱ्या त्या दोघांकडे पाहून त्यांना काही सुचेल. आबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मंग गाय शेवटी कोनाच्या नावावर झाली?” मी गप्प बसलो. भागवतकारही या मुद्द्यावर गप्पच आहेत. एका प्लॉटची दोघांना विक्री करणाऱ्या मंडळींना मात्र ही कथा सक्तीने ऐकवली पाहिजे. अर्थात त्या सगळ्यांना सरडा करायचं ठरवलं तर शहरांच्या आसपास तेवढ्या कोरड्या विहिरी शिल्लक नाहीत. त्यांचेही प्लॉट पडले.

सरड्याच्या स्वतःच्या कागदपत्रांत कमी घोळ नाहीत. 1802 साली दोदँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या सरड्याची शास्त्रात पहिली नोंद केली आणि नावातच ‘रंग बदलणारा’ असा शेरा मारून ठेवला. पुढे इराणपासून थेट चीन-इंडोनेशियापर्यंत जिथे जिथे असा काटेरी पाठीचा, लाल गळ्याचा सरडा दिसला, तिथे तिथे तो या एकाच नावावर चढवण्यात आला. एवढा अखंड सातबारा शेजारच्या सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांच्याही नावावर कधी नव्हता. दोनशे वर्षं हे एकत्र कुटुंब सुखाने नांदलं. मग 2021 साली गौरांग गोवंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या सरड्यांचे डीएनए तपासले, खवले मोजले आणि दाखवून दिलं की हे एक घर नाहीच, निदान चार वेगळी घरं आहेत. झाली वाटणी. मूळ नाव दक्षिण भारतातल्या सरड्यांकडे राहिलं. गंगेकडच्यांसाठी 1825 सालचं, अडगळीत पडलेलं एक नाव झटकून बाहेर काढलं. पाकिस्तानकडच्यांचा हिस्सा निराळा झाला, म्यानमारपासून पुढच्यांचा निराळा. भावकीत वाटण्या होताना होतं तसंच इथेही झालं: ज्यांच्या नावाने फेरफार पडला त्यांना कुणी नोटीस दिली नाही. आमच्या बाभळीवरचा सरडा त्या वर्षीही जोरच काढत होता.

वाटणी झाली तरी वंशावळ सांगते की या घराण्याने कुंपणाची म्हण कधी मनावर घेतलीच नव्हती. मॉरिशस आणि रियुनियन या बेटांवर हा सरडा माणसाच्या सामानातून पोचला आणि तिथलाच होऊन गेला. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला मराठी माणसंही गेली, त्यांची पुढची पिढी आजही तिथे आहे, गणपती बसवते. त्यांच्यापैकी कुणी ‘सरड्याची धाव’ ही म्हण आपल्या पोरांना शिकवत असेल तर ती ऐकायला कुंपणावर सरडा हजर असतो, हिंदी महासागर ओलांडून आलेला. सिंगापुरात तो 1980च्या दशकात शिरला आणि त्याने उघड्या जागा, बागा, रस्त्याकडेची झाडं ताब्यात घेतली. तिथला मूळचा हिरवागार सरडा जंगलाकडे सरकला. अमेरिकेत फ्लोरिडातही त्याची वस्ती आहे. याला आमच्याकडे स्वच्छ शब्द आहे, अतिक्रमण, आणि बारा वर्षं शांतपणे काढली की ते नियमित होतं अशीही आमच्याकडे एक लोकप्रिय समजूत आहे. सरड्याने ती सिंगापूरला नेलेली दिसते.

त्याच्या एका चुलत घराण्याने तर नावातच बाजी मारली. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या सड्यावर एक छोटा, जमिनीवर राहणारा सरडा असतो. त्याचा गळा पंख्यासारखा उघडतो आणि त्यात निळा, काळा, केशरी असे तीन रंग. 2016 साली दीपक व्ही., वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या कुळाला शास्त्रीय नाव दिलं ते ‘सरडा’ हेच. लॅटिन दप्तरात मराठी शब्द कायमचा नोंदला गेला, आणि अभिजात दर्जाच्या घोषणेच्या आठ वर्षं आधी. या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या आल्या. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे काम करून 2018 साली जे मांडलं ते धुऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्याजोगं आहे. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले. पक्षी कमी झाले म्हणून सरडे वाढले. भीती गेली, इतकी की माणूस जवळ आला तरी उशिरा पळू लागले. पण सरडे वाढले म्हणजे खाणारी तोंडं वाढली, प्रत्येकाच्या वाट्याला कमी आलं, अंग रोडावलं आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. चार पिढ्यांच्या वाटण्यांनंतर पाच एकरांचे पाच पाच गुंठे झाले की घरातल्या माणसांचं जे होतं ते हेच. फक्त आमच्यावर अजून कुणी पेपर लिहिला नाही.

आमच्या धुऱ्यावर पवनचक्की नाही, त्यामुळे शिकाऱ्यांचा तुटवडा नाही. शिक्रा येतो. भारद्वाज बोराटीतून दबकत येतो. आबांच्या गोठ्यातली मांजर आहे आणि धामण आहे. यांपैकी कुणीही सातबारा मानत नाही. त्यासाठी सरड्याच्या डोक्यावर मधोमध एक तिसरा डोळा ठेवलेला आहे. थट्टा नाही, कवटीला बारीक भोक आणि त्यावर एक फिकट खवला. त्याने चित्र दिसत नाही, उजेड-अंधार कळतो, ऊन किती घ्यायचं याचा अंदाज येतो. शंकराचा तिसरा डोळा उघडला की भस्म होतं. सरड्याचा कायम उघडाच आहे आणि काही होत नाही. रात्री तो फांदीच्या अगदी टोकाला, जिथे कुणी चढलं तर काडी हलेल अशा ठिकाणी, फिका पडून झोपतो. विजेरी मारली तर पांढुरका दिसतो. रात्रीच्या लाइनीला मोटर सुरू करायला जाणाऱ्याला तो हमखास दिसतो, आणि शेतकऱ्याला रात्री का उठवलं हा जाब विचारायला तेवढाच एक जण जागेवर असतो, तोही झोपलेला.

अलीकडे आमच्या तालुक्यात शेडनेटं फार झाली. टोमॅटो, मिरची, काकडी यांचं बियाणं तयार करायचं काम इथे जोरात चालतं. पलीकडे जालना म्हणजे बियाणे कंपन्यांचं गाव. नानांनी शेडनेट घातलं ते मुख्यतः उत्पन्नासाठी आणि थोडंसं आबांना दिसावं म्हणून. सरड्याला ते भलतंच आवडलं. पाय रोवायला जागोजागी भोकं असलेलं कुंपण जगात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यासाठी बांधलं होतं. तो बाहेरच्या अंगाने जाळीवर चढतो आणि आत पाहतो. आत बाया चिमटे घेऊन बसलेल्या असतात. मादीच्या ओळीतल्या फुलाचे पुंकेसर खुडायचे, नराच्या ओळीतला परागकण आणून लावायचा, खूण बांधायची. एकही फूल चुकलं तर बियाणं नापास. कोण नर, कोण मादी याचा एवढा कडक हिशेब आत चालू असतो, आणि बाहेर जाळीच्या पायाशी, ठिबकच्या ओलाव्याने मऊ झालेल्या मातीत सरड्याची मादी खड्डा उकरून दहा-वीस अंडी घालते, माती लोटते, तोंडाने थोपटते आणि निघून जाते. तिथून पुढे सहा-सात आठवडे त्या अंड्यांचं मायबाप हवामान खातं.

कारण या सरड्यात पोर नर होणार की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात यावर अनेक वर्षं काम झालं आहे. कासव-मगरींमध्येही उष्णतेवर लिंग ठरतं, पण तिथे हिशेब तसा सरळ असतो. या सरड्याचा नमुना मात्र विचित्र निघाला: उष्णता वाढवत न्या, तर आधी माद्या, मग नर, मग पुन्हा माद्या, मग पुन्हा नर. हा निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाला. वारसदार मुलगाच हवा म्हणून आपल्याकडे जे जे काही केलं गेलं ते आठवलं की या मादीचा बेफिकीरपणा पाहून बरं वाटतं. ती खड्डा सावलीत उकरते की उन्हात, एवढाच तिचा हस्तक्षेप. वारस नोंद पुढे जमीनच करते.

पंचांगात सरड्याचं एक कलम असतं हे शहरातल्या लोकांना ठाऊक नसेल. पाल अंगावर पडली तर काय फळ, आणि सरडा अंगावर चढला तर काय फळ, हे अवयवानुसार दिलेलं असतं. एकदा दुपारी आबा बाभळीखाली डोळा लागून पडले असताना सरडा त्यांच्या पायावर चढला, गुडघ्यापर्यंत आला, तिथून उतरला आणि धुरा ओलांडून नानांच्या चपलेवर जाऊन बसला. आता याचं फळ कुणाला? आबांनी पंचांग आणायला नातवाला घरी पिटाळलं. नानांनी मोबाइलवर ॲप उघडलं. दोघांकडेही चढण्याचं फळ होतं, उतरण्याचं नव्हतं, आणि चप्पल हा अवयव धरायचा की नाही यावर कुठलाच ग्रंथ बोलत नव्हता. त्या दिवशी दोघे भाऊ कित्येक वर्षांनी एकमेकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एकाच विषयावर बोलले. अर्थात नातवामार्फत.

आश्विनात बालाजीची यात्रा भरते तेव्हा देऊळगावात पाय ठेवायला जागा नसते. शेतातली माणसं गावात, बाहेरगावची माणसं गावात, पाहुणे, पाळणे, दुकानं. दोघेही भाऊ दर्शनाला जातात, एकाच रांगेत, मधे दहा माणसं सोडून. शिवारात तोवर सोयाबीन निघालेलं असतं आणि बाभळीवरच्या सरड्याचाही हंगाम संपत आलेला असतो. गळ्याचा लाल रंग गेलेला, जोर बंद. दुसरा नर दोन हातांवर येऊन बसला तरी हा फक्त डोळा फिरवतो. कोर्टालाही तेव्हा दिवाळीची सुट्टी लागायची असते.

मोजणी अखेर झाली ती परवाच्या उन्हाळ्यात. हद्द कायम करायला भूकरमापक आले, यंत्र लावलं, नकाशा उलगडला. आबा एका बाजूला, नाना दुसऱ्या बाजूला, मधे सगळं गाव. सरड्याचा जोर ऐन भरात होता. यंत्राची तिपाई जिथे लावली तिथून तो दिसत होता आणि तो तिपाईकडे पाहून मान हलवत होता. “याला बी मान्य आहे साहेब,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. साहेबांनी खूण केली, खड्डा खणला, दगड रोवायचा तेवढ्यात पाऊस आला. सगळे पांगले. दगड खड्ड्यात टेकवून ठेवला, माती उद्या लोटू म्हणाले.

चार दिवस पाऊस उघडला नाही. पाचव्या दिवशी आबा गेले, तर दगडाच्या कडेला मऊ झालेल्या मातीत सरड्याची मादी तोंडाने थापटत होती. आबांनी नातवाला हाक मारली, नातवाने नानांना. दोघांनी वाकून पाहिलं. आता माती दाबावी तर अंडी जातात, न दाबावी तर दगड उभा राहत नाही. आबा म्हणाले, “त्याला सांग, दोन महिने राहू दे.” नाना पलीकडून म्हणाले, “आबाला सांग, मी कुठं नाही म्हनू राहिलो?”

दगड तेव्हापासून थोडा कलला आहे. किती कलला यावर वाद नाही. कुणाच्या बाजूला कलला, याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.